आधी नवा, मग जुना

“त्या पोरनं नाव पेटीमा टाकजो. उद्या-उद्या करजो नको.”

चिंधाआप्पा हे बोलले तेव्हा त्यांच्या तोंडावरचा मास्क जेमतेम पाच मिनिटांसाठी काढला होता. पाच मिनिटांत माणूस काय काय बोलेल. घराचं बोलेल, मुलाचं बोलेल, दुखतंय कुठे ते सांगेल. आप्पा त्यातलं काही बोलले नाहीत. बोलले ते अतिदक्षता विभागातल्या त्या नर्सबद्दल, आणि तेही अहिराणीत, कारण तीस वर्षं सुरतेत कापडाचे लूम चालवूनही त्यांच्या जिभेला दुसरी चव लागली नव्हती. त्या मुलीचं नाव पेटीत टाक, उद्यावर ढकलू नको. प्रमिलाबाईंनी नवऱ्याच्या सुजलेल्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली.

“मान नको हलावू,” आप्पा म्हणाले. “तोंडवरी बोल.”

“टाकसू,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

पेटी लिफ्टपाशी होती. रिंग रोडच्या पलीकडचा तो ट्रस्टचा दवाखाना, आणि तिथे दरवर्षी बारा मेला परिचारिका दिनाला एका नर्सचा सन्मान होत असे. तुमच्या माणसाची जिने मायेनं सेवा केली तिचं नाव लिहा, कारण लिहा, खाली सही करा, असं पेटीशेजारच्या कार्डांवर गुजरातीत छापलेलं होतं. प्रमिलाबाईंना अक्षरं येत ती पोथीपुरती, आणि मराठीतली. त्यांनी एक कार्ड घेतलं, त्याची घडी घातली आणि कापसाच्या पिशवीत अगदी तळाशी ठेवून दिलं.

हे माघातलं. आता वैशाख अर्धा होत आला होता.

कापसाची पिशवी ही प्रमिलाबाईंची सोबतीण. आषाढीला त्यांनी लाख वातींचा नेम धरला होता. रोज साडेतीनशे वाती वळायच्या, लाख झाल्या की वैशाखी पौर्णिमेला उद्यापन करायचं. नेमाबरोबर दोन बंधनंही घेतली होती. सकाळी आंघोळीपासून देवापुढे दिवा लावेपर्यंत मौन, आणि लाख पुऱ्या होईस्तोवर खोटं बोलायचं नाही. दुसरं बंधन त्यांना सोपं वाटलं होतं. मुळात त्या बोलायच्याच कमी. लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत बायका म्हणत, प्रमिलाबाईंच्या घरात भांडंसुद्धा आवाज न करता पडतं.

आप्पांच्या छातीत पाणी झालं, मग मूत्रपिंडांनी काम सोडलं, तेव्हा त्या ही पिशवी घेऊन अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बाकावर बसू लागल्या. आत सोडत ते सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाचला, एकालाच, दहा-दहा मिनिटं. बाकीचा वेळ त्या वाती वळत.

पहिल्याच दिवशी दार उघडून एक सावळी, उंच नर्स बाहेर आली आणि त्यांच्या मांडीवरचा कापूस बघून थांबली. तिचं नाव वृषाली. वडील भुसावळहून रेल्वेच्या कामाला इकडे आलेले, त्यामुळे मराठी चांगली. गळ्यात पांढऱ्या दोऱ्यात बुद्धाचं लहानसं पदक.

“काकू, वाती का? वळा वळा. फक्त आमचा कापूस नका पळवू, तो आम्हाला मोजून मिळतो.”

प्रमिलाबाईंना कितीतरी दिवसांनी हसू आलं.

“किती झाल्या?”

“साठ हजाराच्या वर गेल्या असतील.”

“अरे बापरे. एकदम लावू नका हं. देव म्हणेल, बाई, डोळे दिपले, पुरे.”

आत गेल्यावर प्रमिलाबाई बघत. आप्पांना शुद्ध असो-नसो, वृषाली त्यांना हात लावण्याआधी सांगायची. “चिंधाआप्पा, कूस बदलतेय. माझे हात गार आहेत, दचकू नका.” “आप्पा, ओठ ओले करतेय.” बाकीच्या दोघी-तिघी चांगल्याच होत्या, पण त्या कामाला हात लावत, ही माणसाला लावायची. यंत्राची टिकटिक वाढली की आप्पा घाबरत. ती म्हणायची, “हा आवाज तुमच्या लूमपेक्षा तरी बरा ना?” मग आप्पांची बोटं चादरीवर खटक-फटक, खटक-फटक वाजत. मास्कमधून हसताही येत नसलेल्या माणसाचं ते हसणं होतं.

नवव्या दिवशी, पाचच्या भेटीला, वृषालीने चादर थोडी खाली केली.

आप्पांचं अंग पाणी भरून फुगलं होतं. कमरेचा काळा करदोडा त्या सुजेत रुतून दिसेनासा झाला होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी कातडी फाटली होती आणि लस गळत होती.

“काकू, हा काढावा लागेल. ड्यूटीवाल्या मावशी म्हणाल्या, काप आणि टाक, काय विचारतेस. पण मी तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.”



पुरुषाचा करदोडा जिवंतपणी तुटू देऊ नये. सासूने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, आधी नवा बांधायचा, मग जुना सोडायचा. मधे एक श्वाससुद्धा कंबर मोकळी राहता कामा नये. करदोडा कापतात तो माणूस गेल्यावर, तिरडीवर ठेवण्याआधी. आणि जिवंतपणी कापला तर काय होतं ते प्रमिलाबाईंना सासूने सांगायची गरज नव्हती. त्यांच्याच गल्लीत शोभा राहत होती.

शोभाच्या नवऱ्याचा करदोडा मशीनच्या तेलाने काळा-कुळकुळीत झाला होता. तिने तो एक दिवस कात्रीने कापला, नवा संध्याकाळी आणू म्हणाली. महिन्याच्या आत तो लूमच्या पट्ट्यात सापडून गेला. तेव्हापासून गल्लीने शोभाचं नाव करदोडातोडी ठेवलं. बारशाला नाही, साखरपुड्याला नाही, साध्या सत्यनारायणाच्या प्रसादालाही तिला कोणी हाक मारली नाही. प्रमिलाबाईंनी मात्र तिच्याबद्दल वाईट शब्द कधी उच्चारला नव्हता. वाईट शब्द त्यांच्या तोंडून जातच नसे. त्यांनी फक्त शोभाला बोलावणं धाडलं नव्हतं. बारा वर्षं.

“आधी नवा बांधावा लागतो,” त्या हळूच म्हणाल्या. “मग जुना. नवा माझ्याकडे नाही पोरी, आणि भेटीची सहा मिनिटं राहिलीत.”

वृषालीने घड्याळ पाहिलं, मावशीला “दोन मिनिटं बघा” म्हणाली आणि गेली. दवाखान्यासमोर हार-फुलांचं दुकान होतं. परत आली तेव्हा धापा टाकत होती आणि मुठीत लाल करदोडा होता.

“काळा नव्हता. लाल चालतो ना?”

“चालतो.”

तिने रुतलेल्या जागेच्या चार बोटं वर मऊ जाळीची घडी ठेवली, तिच्यावरून लाल करदोडा घेतला आणि थांबली. “गाठ कशी? साधी, की तुमची काही वेगळी असते?” प्रमिलाबाईंनी दाखवली. तिने तशीच घातली. “आप्पा, नवा बांधलाय. आता जुना काढतेय. थोडं दुखेल.” मग बोथट टोकाच्या कात्रीने, एकेक पदर उचलत, तिने काळा करदोडा कापला. त्याला पाच मिनिटं लागली. भेटीची वेळ टळून गेली तरी तिने प्रमिलाबाईंना बाहेर काढलं नाही. रोग्याच्या अंगावरचं काही फेकायचं नसतं म्हणून करदोडा छोट्या पिशवीत घातला, पिशवीवर चिठ्ठी लावली, चिठ्ठीवर तारीख घातली. पाच फेब्रुवारी.

मग फाइल उघडली. “नातेवाइकांना विचारून केलं, असं लिहावं लागतं.”

प्रमिलाबाईंनी तिचं मनगट धरलं. “पोरी, माझं नाव लिहू नको. कोणाला सांगूही नको. नवऱ्याचा करदोडा कापायला लावला म्हणतील. माझं पोरगं मला जगू देणार नाही.”

“पण आपण आधी नवा बांधला की.”

“ते कोण ऐकतं, माय?”

वृषालीने पेनाला टोपण लावलं. “नाही सांगत.”

“शपथ?”

“शपथ कशाला, काकू. म्हटलं ना.”

त्यानंतर आप्पांना दोन दिवस बरं वाटलं. कंबर मोकळी झाल्यावर ते पहिल्यांदा सलग झोपले. सात तारखेला मास्क पाच मिनिटं निघाला, आणि ते पेटीचं बोलले. नऊ तारखेला पहाटे गेले.

घरी आंघोळ घालताना पुरुषांनी लाल करदोडा रीतीप्रमाणे कापला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. गोष्ट तिथेच संपायची, पण दवाखान्यातून आलेली सामानाची पिशवी उघडली ती तेराव्याच्या जेवणानंतर. चष्मा निघाला, घड्याळ निघालं, तंबाखूची डबी निघाली आणि चिठ्ठी लावलेला काळा करदोडा निघाला.

मुलगा गजेंद्र चिठ्ठी वाचत उभाच राहिला. “आप्पा नऊले गयात. हाऊ पाचले कापेल शे.”

पंगतीतली माणसं अजून हात धुवत होती. लिंबायतच्या खान्देशी मंडळाचे पुढारी निंबाभाऊ सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. “म्हणजे जिवंत माणसाचा करदोडा कापला. मग जीव थांबेल तरी कशाला?”

“आणि लाल? तो तर अंगावर होता,” कोणीतरी म्हणालं.

“पाप झाकायला मागून बांधला असेल,” निंबाभाऊ म्हणाले. “काय नाव त्या नर्सचं?”

गजेंद्रने नाव सांगितलं. आडनावही सांगितलं.

“तरीच,” निंबाभाऊ म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.

त्या एका शब्दानंतर कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. गजेंद्र आईकडे वळला. “माय, तुले इचारं व्हतं का तिनी?”

प्रमिलाबाईंच्या डोळ्यांपुढे शोभाचं दार आलं. बारा वर्षांत त्या दाराला एकदाही तोरण लागलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले नाहीत.

“आत्याबाईंचं मौन असेल,” सून सुषमा म्हणाली.

दुपारचे दोन वाजले होते. देवापुढचा दिवा केव्हाच लागला होता. पण सुनेने दार उघडून दिलं आणि प्रमिलाबाई त्यातून गेल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. नेम मोडला नाही.

दोन दिवसांनी दवाखान्यात बैठक झाली. मेट्रन जयश्रीबेनच्या खोलीत एका बाजूला निंबाभाऊ, गजेंद्र आणि मंडळाची चार माणसं. मध्ये खुर्चीवर प्रमिलाबाई, मांडीवर कापसाची पिशवी. त्यांना कशाला न्यायचं, असं सुषमाने विचारलं होतं. निंबाभाऊ म्हणाले, विधवा समोर दिसली पाहिजे. गजेंद्रने मोबाइल सुरू केला.

वृषाली आत आली. हात पुढे बांधून उभी राहिली.

“कापला कोणी?” निंबाभाऊंनी विचारलं.

“मी.”

“का?”

“रुतला होता. कातडी फाटली होती. मी आधी नवा बांधला, मग जुना कापला.”

“कोणी पाहिलं?”

प्रमिलाबाईंना वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल. बघितलं तर मी बोलेन, असंही त्यांनी त्या क्षणी मनाशी ठरवलं. वृषालीने बघितलं नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर लावली आणि तिथेच ठेवली, जणू त्या खोलीत प्रमिलाबाई नव्हत्याच.

“कोणी नाही,” ती म्हणाली.

जयश्रीबेनने फाइल चाळली. बाई वाईट नव्हत्या, पण सहा माणसं आणि एक मोबाइल समोर होता. “फाइलमां नोंध क्यां छे?”

“नोंद नाही केली, मॅडम. माझी चूक.”

“घरवालों को पूछा था?”

वृषालीची नजर कॅलेंडरवरून हलली नाही. “नाही.”

“ऐकलं ना सगळ्यांनी?” निंबाभाऊ मोबाइलकडे बघत म्हणाले. “यांना आपली रीत कुठून कळणार? ज्यांच्या घरी देव नाही, त्यांच्या हाती आपली माणसं. पाया पड बाई. त्या माउलीचा संसार कापलाय तू.”

वृषाली पुढे आली, वाकली आणि तिने प्रमिलाबाईंच्या पायांना हात लावला. हात गार होते. “काकू, माफ करा,” ती म्हणाली.

आणि प्रमिलाबाईंचा हात, जन्मभराच्या सवयीने, आशीर्वादाला उठला. तिच्या डोक्यावर टेकला. मोबाइलमध्ये तेही आलं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर होता, रात्रीपर्यंत उधन्यापासून नवसारीपर्यंतच्या सगळ्या ग्रुपांवर. बायका घरी येऊन प्रमिलाबाईंचे पाय धरू लागल्या. म्हणाल्या, काय ते मन तुमचं. नवऱ्याला मारणारीच्या डोक्यावर हात ठेवलात. आमच्याने झालं नसतं. भजनी मंडळात एकीने तर उभं राहून सांगितलं की व्रत करावं ते प्रमिलाबाईंसारखं, क्षमा अंगी यावी. प्रमिलाबाई मान खाली घालून वाती वळत राहिल्या. त्यांनी कोणालाही थांबवलं नाही.

वृषालीला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. कार्डाची आठवण प्रमिलाबाईंना रोज येई. कापूस संपत आला की त्या पिशवीचा तळ दिसण्याआधी वरून नवा भरून ठेवत.

मेच्या पहिल्या आठवड्यात सुषमा माहेरच्या कोणाला भेटून भेस्तानहून आली, ती हसतच. “आत्याबाई, ती नर्स दिसली. दुसऱ्या दोन दवाखान्यांत गेली होती म्हणे. तिथे व्हिडिओ आधी पोचलेला. आता साड्यांचे धागे कापायला बसते, घरबसल्या. म्हटलं बरं झालं, कापायची सवय होतीच.”

गजेंद्र जेवता जेवता हसला. ठसका लागेपर्यंत हसला. प्रमिलाबाईंनी त्याला पाणी दिलं.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर निंबाभाऊ निरोप घेऊन आले. दवाखान्याला मंडळाशी वाकडं नको होतं. परिचारिका दिनाला सन्मान होणार तो मेट्रनने ठरवलेल्या दुसऱ्या एका नर्सचा, आणि शाल-श्रीफळ द्यायचं प्रमिलाबाईंनी. म्हणजे आपलं मिटलं असं लोकांना दिसेल. दवाखान्याची मंडळाच्या माणसांना औषधांत सवलत सुरू होईल.

“वहिनी, तुम्हाला काही बोलायचं नाही,” निंबाभाऊ म्हणाले. “माइक मी बघतो. तुम्ही नुसतं नारळ द्यायचं आणि त्या दिवशीसारखा हात ठेवायचा. तो हात लोकांना फार आवडला.”

“त्या दिवशी पौर्णिमा आहे,” सुषमा म्हणाली. “आत्याबाईंचं उद्यापन.”

“मग तर उत्तमच. पुण्यावर पुण्य.”

लाखाला शेवटच्या तीनशे वाती उरल्या. अकरा मेच्या दुपारी प्रमिलाबाई वळायला बसल्या. आता नवा कापूस भरायचं कारण नव्हतं. पिशवी हलकी होत गेली, आणि शेवटचं बोंड काढायला हात घातला तेव्हा हाताला कार्ड लागलं.

घडीच्या रेषेवर ते पिवळं पडलं होतं. प्रमिलाबाईंनी ते मांडीवर ठेवलं आणि वळलेल्या वातींच्या पेट्यांकडे पाहिलं. बुटांच्या खोक्यांत भरलेल्या लाख वाती, पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या. उद्या तुपात भिजवून लावल्या की पेटतील. कापसाला काय कळतं. ज्या बोटांनी त्या वळल्या त्या बोटांनी काय केलं, हे न विचारता त्या लख्ख पेटतील, आणि लोक हात जोडतील.

देव फसला असता तरी त्यांना कमी भय वाटलं असतं. देव काही बोलत नव्हता, याचंच त्यांना भय वाटलं. त्याचं मौन आणि आपलं मौन सारखंच दिसतंय, असं त्यांच्या मनात आलं.

सुषमा शिवणाच्या क्लासला गेली होती. प्रमिलाबाईंनी तिच्या मुलाच्या दप्तरातून पेन घेतलं. कार्डावरचं गुजराती त्यांनी सोडून दिलं. मोकळ्या जागेत, पोथीतल्यासारखं एकेक अक्षर वळवत, मराठीत लिहिलं.

वृषाली. हिने आधी नवा बांधला, मग जुना कापला. नवा तिने पळत जाऊन आणला. काप मी म्हटलं. लपव मी म्हटलं. तिने शब्द पाळला. माझ्या माणसाला तिच्यामुळे दोन दिवस झोप लागली. मी सगळं पाहिलं आहे.

खाली सही केली. प्रमिलाबाई चिंधा. सही करताना त्यांना कळलं की हे वाचल्यावर गजेंद्र काय म्हणेल, सुषमा कोणाकोणाला फोन करेल, आणि गल्ली त्यांना कोणतं नाव देईल. नाव नवं शोधायचीही गरज नव्हती. शोभाकडून काढून त्यांना दिलं की झालं.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी उठल्या. आंघोळ केली. निंबाभाऊंची गाडी अकराला येणार होती. सुषमाने रात्रीच पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती आणि वातींच्या खोक्यांवर फुलं ठेवली होती. प्रमिलाबाईंनी रोजची जुनी साडी नेसली. देवघरापुढे उभ्या राहिल्या, निरांजन हातात घेतलं आणि न लावताच खाली ठेवलं. गजेंद्रच्या कपाटातल्या खणातून चिठ्ठीसकट काळा करदोडा काढून कार्डाबरोबर पिशवीत घातला. मग चपला हातात घेऊन त्या जिना उतरल्या.

गल्लीच्या टोकाला शोभाचं दार. शोभा उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली आणि परत खाली घातली.

“शोभा,” प्रमिलाबाई म्हणाल्या. दिवा लावण्याआधी त्या दिवसाचा पहिला शब्द त्यांच्या तोंडून गेला. “माझ्याबरोबर दवाखान्यात येतेस का?”

“कोण आजारी आहे?”

“कोणी नाही. मला बोलायचंय तिथे. करदोडा मी कापायला लावला होता. त्या नर्सचा दोष नाही. हे चार लोकांत सांगायचंय, आणि मला कोणीतरी शेजारी हवंय.”

शोभाचा हात सुपात थांबला. मग तिने एक खडा उचलून बाहेर टाकला.

“व्हिडिओ पाहिला मी,” ती म्हणाली. “छान हात ठेवलात. मला वाटलं, माझ्या डोक्यावर कोणी ठेवला असता.”

“शोभा, माझं चुकलं.”

“कधीचं म्हणताय? तीन महिन्यांचं की बारा वर्षांचं?”

प्रमिलाबाई गप्प राहिल्या.

“बघा, गेलात परत मौनात,” शोभा म्हणाली. “नाही येत मी. माझ्या दारावरून तुम्ही पाणी भरायला जायच्या, रोज, पदर सावरून. एकदा म्हणाला असतात, शोभा, चहा घे, तर आज आले असते. त्या पोरीला तीन महिन्यांत सोडवायला निघालात, ती नशीबवान. जा एकट्या. सवय करून घ्या.”

प्रमिलाबाई वळल्या. चार पावलं गेल्यावर मागून आवाज आला.

“आणि तिथे गेल्यावर देवाचं नाव घेत बसू नका. सरळ बोला. ऐकू जाईल असं.”

त्यांनी वळून पाहिलं नाही. शोभा काय चेहऱ्याने बोलली ते त्यांना कळलं नाही, आणि विचारायचा त्यांना हक्कही नव्हता.

लूमच्या कारखान्यांची सकाळपाळी सुरू झाली होती. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून खटक-फटक, खटक-फटक येत होतं. प्रमिलाबाई रिक्षांच्या थांब्याकडे चालत राहिल्या. पेटी एप्रिलअखेर उचलतात असं सुषमा कधीतरी म्हणाली होती. पेटी नसली तर कार्ड जयश्रीबेनच्या हातात द्यायचं. त्यांनी हात पुढे केला नाही तर निंबाभाऊंच्या माइकवर वाचायचं. गजेंद्रचा मोबाइल चालू असेलच. तिथून भेस्तान. घर माहीत नव्हतं, पण साड्यांचे धागे कापणाऱ्या नर्सचं घर विचारलं तर कोणीही दाखवेल, हसून दाखवेल.

थांब्यावर रिक्षावाल्याने विचारलं, “मासी, क्यां जवुं छे?”

त्यांनी मान हलवून रिंग रोडची दिशा दाखवली. मग थांबल्या, पिशवी छातीशी धरली आणि तोंडाने सांगितलं.